तुझा खडा, माझा खडा

अम्मा,

माझ्या पाठीला एक भोक पाडून डाव्या किडनीतला खडा काढला, त्याला आता काही महिने झाले. तू गेल्यावर तुला सांगण्यासारखं बरंच घडलं. लग्न झालं, मुलगी झाली, एसटीत कंडक्टर म्हणून लागले. पण त्यातलं काही तुला लिहावं असं वाटून मी कधी कागद पुढे घेतला नाही. आज घेतला आहे आणि एका जागी बसवत नाहीये. दोन ओळी झाल्या की उठते, गच्चीवर जाऊन टाकीत पाणी किती उरलंय ते बघते, खाली येते, पुन्हा बसते. आज माझी सुट्टी आहे. नवरा दुकानावर गेलाय, मुलगी कॉलेजला. घरात कुणी नाही म्हणून तरी बरं, नाहीतर मला असं वर-खाली करताना बघून दोघांनी पुन्हा दवाखान्यात नेलं असतं. मला काही दुखत नाहीये. तुझ्याशी भांडायचंय आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाहीये, एवढंच.

गाडीपासून करते. तू मला खाकी कपड्यांत पाहिलं नाहीस. सोलापूरहून मंगळवेढा, तिथून सांगोला, आणि त्याच वाटेनं परत, ही माझी ड्यूटी. आता बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत बायकाच जास्त असतात, नुसत्या माहेरी-सासरी जाणाऱ्या नव्हे, दवाखान्याला, बाजाराला, कोर्टाला जाणाऱ्यासुद्धा. मागच्या वर्षी पावसाळा नुसता नावाला होऊन गेला होता. मंगळवेढा सोडलं आणि मी मागच्या सीटपासून तिकिटं फाडत पुढे येत होते. फाडत म्हणायची सवय आहे, हल्ली मशीनमधून निघतात. मधेच डाव्या कुशीत कुणी सुरी खुपसून फिरवावी तशी कळ आली आणि ती खाली जांघेपर्यंत उतरत गेली. माझ्या हातातली मशीन एका बाईच्या मांडीवर पडली. मला वाटलं थांबेल. थांबेना. उभं राहावं तर राहवेना, बसावं तर त्याहून वाईट. दोन सीटच्या मधल्या जागेत मी गुडघे टेकले. ड्रायव्हर मंगळवेढ्याकडचेच आहेत, बरीच वर्षं आम्ही एकत्र काम करतो. त्यांनी आरशात पाहून गाडी कडेला घेतली.

"ताई, काय व्हतंय?"

"काही नाही. चला तुम्ही."

"काही न्हाय कसं? घाम बगा की किती आलाय. पांढऱ्याफट पडलाय तुमी."

मग त्यांनी वाटेत कुठं गाडी थांबवलीच नाही, थेट सांगोल्यात एका दवाखान्यासमोर आणून उभी केली. सगळे प्रवासी आत बसून. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पोट दाबून पाहिलं, पाठीवर मूठ मारून पाहिली आणि म्हणाले, मुतखडा असणार, सोलापूरला जाऊन सोनोग्राफी करून घ्या. दुखणं ओसरत होतं, डोळ्यांवर झापड येत होती, आणि मला तू दिसत होतीस. कांडी मशीनवर वाकलेली. डाव्या हाताचा तळवा कुशीवर दाबून धरलेला. लहानपणी मला वाटायचं की कांड्या भरताना सगळ्याच बायकांना असा हात ठेवावा लागतो.

तुझा तो टॉवेलचा कारखाना मला आजही जसाच्या तसा आठवतो. पत्र्याची शेड, बाहेरच्या खोलीत तुम्ही बायका सुताच्या कांड्या भरणाऱ्या, आत माग. मागांचा खटक-खटक आवाज एवढा की तुम्ही एकमेकींशी बोलायचात ते ओठ वाचून. टॉवेलचं सूत हवेत उडायचं, तुझ्या भुवयांवर बसायचं, आणि संध्याकाळी घरी येताना तू म्हातारी दिसायचीस. उन्हाळ्यात पत्रा तापला की आतले पुरुष बनियन काढून माग चालवायचे आणि कोपऱ्यातल्या माठातून तांबेच्या तांबे पाणी ढोसायचे. त्यांच्यासाठी मागच्या भिंतीला लघवीपुरता एक आडोसा होता. तुमच्यासाठी काही नव्हतं. तुम्ही सकाळी घरून जाऊन यायचात आणि नंतर एकदम अंधार पडताना घरी. मधे पाणी म्हणजे ओठ ओले करण्यापुरतं, आणि दुपारचा अर्धा कप चहा. हे कुणी तुम्हाला सांगितलेलं नव्हतं. तुम्हीच एकमेकींना शिकवलं होतं, जसा सुताला पीळ कसा द्यायचा ते शिकवलं.

मीही ते शिकले, एका मारात. शाळेला सुट्टी होती आणि घरी मला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून तू मला बरोबर नेलं होतंस. ऊन होतं, माठ थंड होता, मी पाणी पीत राहिले. मग मला लागली. तुला सांगितलं तर तू ऐकलं नाही असं केलंस. पुन्हा सांगितलं. शेवटी माझ्या दंडाला धरून मला खराब सुताच्या गठ्ठ्यांमागे नेलंस, लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पसरून उभी राहिलीस आणि म्हणालीस, आटप. मुकादम आतून ओरडला, "ही काय पोरगी हागायला-मुतायला आणायची जागा हाय व्हय?" बाकीचे हसले. मला त्या हसण्याचं काही वाटलं नाही, मी लहान होते. पण तुझा पदर थरथरत होता ते मी पाहिलं. घरी आल्यावर तू पाठीत एक धपाटा घातलास, आणि रडत बसलीस, आणि मग मला जवळ घेऊन समजावलंस की बाहेर जायचं असलं की बाईमाणसानं पाणी पिऊन निघायचं नसतं. त्यानंतर रोज शाळेला निघताना माझ्या हातातला पेला तू अर्ध्यावर काढून घ्यायचीस. "चालु," म्हणायचीस. आपल्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे. शाळेत मराठी शिकल्यावर मला ते गमतीचं वाटायचं, की इकडे चालू म्हणजे सुरू आणि तुझ्या तोंडी तेच बंद.

आणि ती लाल बाटली. एका दिवाळीत बोनस मिळाला तेव्हा तू स्वतःला काही घेतलं नाहीस, माझ्यासाठी प्लास्टिकची लाल वॉटरबॅग आणलीस, गळ्यात अडकवायच्या पट्ट्याची. आमच्या वर्गात तशी दोघींकडेच होती. मी ती मिरवत गेले. तू ती रोज सकाळी धुऊन, पुसून, अर्धी भरून द्यायचीस. संध्याकाळी ती तशीच भरलेली दिसली की तुला बरं वाटायचं. शाळेतही मुलींची जागा कशी होती ते तुला ठाऊक होतं, दार नसलेली, तुंबलेली. तुझं काही चुकत नव्हतं, हे मला माहीत आहे. मी भांडतेय ते तुझं चुकलं म्हणून नाही. हेच तर मला नीट सांगता येत नाहीये.

तुझं ऑपरेशन झालं तेव्हा मी हायस्कुलात होते. मोठ्या सरकारी दवाखान्यात, बायकांच्या लांबच लांब वॉर्डात. आधी तुला कितीतरी वर्षं दुखत असणार, तू बोलली नव्हतीस. लघवीतून रक्त गेलं तेव्हा शेजारच्या अक्कानं तुला ओढत नेलं. तुला कापलं ते पाठीपासून वळसा घालून पार बेंबीच्या जवळपर्यंत. बरगडीचा तुकडाही काढावा लागला होता. टाक्यांवरची पट्टी बदलायची तेव्हा नर्स मला बाहेर काढायची, पण एकदा मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. गोधडीला मोठ्या दाभणानं दोरा भरावा तशी शिवण होती. तू दात-ओठ खात भिंतीकडे पाहत होतीस. घरी आल्यावर तुला खोकता येत नव्हतं, हसता येत नव्हतं. घागर उचलणं संपलं. कांडी मशीनवर वाकणं संपलं, कारण वाकलीस की त्या बाजूला पोट फुगून बाहेर आल्यासारखं व्हायचं. मग सूप मांडीवर घेऊन तू घरात विड्या वळायला लागलीस. त्यातही पाणी कमीच प्यायचीस. आता घरात होतीस, पण चाळीतल्या एका संडासापुढे रांग असायची आणि तुला फार वेळ उभं राहवत नव्हतं. काही वर्षांनी पाय सुजले, तोंड सुजलं, अन्न नकोसं झालं. उजव्या बाजूलाही खडे आहेत आणि किडन्या काम करत नाहीत, असं कळलं तोवर तू निम्मी आमच्यातून गेलीच होतीस. मी तेव्हा कॉलेजला नुकती जात होते.

तर सोलापुरात सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन झाला. डॉक्टर तरुण आहेत, घाईत बोलतात, पण माणूस वाईट नाही. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. किडनीच्या आत पांढरं काहीतरी होतं, हरणाच्या शिंगासारखे फाटे फुटलेलं. मला वाटलं ते माझं हाड आहे.

"हा खडा आहे," ते म्हणाले. "आतली सगळी पोकळी भरलीय त्यानं. औषधानं विरघळणार नाही, बाहेरून किरण देऊन फुटणार नाही. पाठीतून दुर्बीण घालून काढावा लागेल. छोटं भोक असतं. त्यातून आत जाऊन खडा फोडायचा आणि तुकडे बाहेर काढायचे."

"कापणार नाही?"

"कापणं म्हणजे एवढंच." त्यांनी पेनाचं टोपण दाखवलं.

मी मनात म्हटलं, तुलाही असंच काहीतरी सांगितलं असेल. "माझ्या आईचं झालंय हे ऑपरेशन," मी म्हणाले. "तिला इथून इथपर्यंत कापलं होतं. त्यानंतर ती कामाची राहिली नाही."

"त्या वेळी सोलापुरात तसंच करायचे, बाई. तुमचं तसं होणार नाही. ड्यूटीवर परत जाल तुम्ही."

मी मान डोलावली, फाईल घेतली आणि परत गेलेच नाही. कळ थांबली होती ना. इतका मोठा खडा हलत नाही, त्यामुळे दुखतही नाही, हे मला नंतर कळलं. त्या दिवशीची कळ त्यातून सुटलेल्या एखाद्या कपच्याची होती. मी कुळथाचं पाणी प्यायले, पानफुटीची पानं चावली, कुणी सांगितलं म्हणून काय काय केलं. रात्री झोपले की हात आपोआप पाठीवर जायचा, बेंबीपासून मागे बोट फिरवून बघायचे, कुठून कुठपर्यंत कापतील. मुलगी रोज विचारायची, "तारीख घेतलीस का?" मी म्हणायचे, सीझन संपू दे, जत्रेच्या जादा गाड्या संपू देत. ड्यूटीला निघताना पेला अर्ध्यावर खाली ठेवायचे. हे सगळं कळूनही ठेवायचे. मंगळवेढ्याच्या स्टँडवर बायकांची जागा आहे, पण आत पाऊल ठेवायचं म्हणजे नाक दाबून, आणि गाडी लागली की पास-नोंदी करण्यातच वेळ संपतो. सांगोल्यात तेच. सकाळी घरून जाऊन यायचं, नंतर एकदम घरी. तुझ्यासारखंच.

मग एक दिवस दुपारी ड्यूटीवरून घरी आले ती हुडहुडी भरूनच. तीन चादरी घेतल्या, सोलापुरी चादरी, तरी दात वाजत होते. ताप चढला. नवऱ्याचा चेहरा उतरला, त्याला काही सुचेना. मुलगी माझ्या उशाशी बसली आणि पहिल्यांदा माझ्यावर ओरडली.

"आजीला कापलं म्हणून तू मरणार आहेस का?"

"तुला काय माहीत आजीचं. तू पाहिलंस का तिला?"

"नाही पाहिलं. म्हणूनच म्हणतेय. माझ्या मुलांनी तुला बघायचंय."

ती तुझ्यासारखी दिसते, अम्मा, कपाळ आणि हनुवटी अगदी तुझी, पण असं बोलायची धमक माझ्यात नाही आणि तुझ्यात नव्हती. कुठून आणली कोण जाणे. तिनंच रिक्षा बोलावली.

खडा अडकून आत पू झाला होता. आधी नळी घालून पू काढला, सलाइनमधून औषधं दिली, ताप उतरवला. डॉक्टर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आणखी उशीर केला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं." ऑपरेशन त्यानंतर, अंगात जरा जीव आल्यावर. कमरेत इंजेक्शन दिलं, पाय लाकडासारखे झाले, मग मला पालथं झोपवलं. मी जागी होते. छातीखाली उशी, तोंड एका बाजूला, समोर हिरवं कापड. पाठीवर काहीतरी दाबल्याचं कळत होतं, दुखत नव्हतं. डॉक्टर कुणाला तरी म्हणत होते, "आलो आत. पाणी चालू ठेवा." पाणी सोडल्याचा आवाज आला, बादलीत पडल्याचा आवाज आला. ते आतून पाण्यानं धुऊन काढत होते मला. आणि मग खडा फोडायचं यंत्र सुरू झालं.

खटक-खटक, खटक-खटक. अगदी तसाच नव्हता, बारीक होता, पण लय तीच. मी डोळे मिटले. आपल्या गल्लीत घराघरातून मागांचा आवाज यायचा आणि तो थांबला की आपल्याला जाग यायची, कारण थांबला म्हणजे वीज गेली. यंत्र मधेच थांबायचं, तेव्हा मी दचकायचे. नर्सनं विचारलं, "दुखतंय का?" मी म्हटलं, नाही, थांबवू नका. तिला वाटलं मी धीट आहे.

दोन-तीन दिवस पाठीतून एक नळी बाहेर होती, तिला पिशवी, पिशवीत आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळं. नळी काढली त्या दिवशी मी मुलीला म्हटलं, मोबाइलवर फोटो काढून दाखव. तिनं दाखवला. पाठीवर कुशीच्या वर एक भोक, कापसाचा बोळा मावेल एवढं. मी तिला म्हटलं, नीट काढ, सगळं येऊ दे. ती म्हणाली, "एवढंच आहे, आई."

एवढंच. लोक त्या वेळी देवाला हात जोडतात. मला मात्र संताप आला. तो फोटो मी पुन्हा पुन्हा मोठा करून बघत होते आणि तुझ्या पोटावरची ती शिवण मला त्याच्याशेजारी दिसत होती. जी गोष्ट एवढ्याशा भोकातून निघते, तिच्यासाठी तुला पाठीपासून बेंबीपर्यंत चिरलं. कुणी वाईट नव्हतं, त्या डॉक्टरांनी त्यांना येत होतं तेवढं नीट केलं असेल. मग मी चिडू कुणावर? काळावर? तू थोडी उशिरा जन्माला आली असतीस तर, असं मनात आलं आणि त्याचंही हसू आलं, कारण मग मी कुठून आले असते.

घरी सोडताना मी डॉक्टरांना विचारलं, हा खडा का झाला. ते म्हणाले, पाणी कमी पडणं हे मोठं कारण. शिवाय वारंवार इन्फेक्शन झालेलं दिसतंय, लघवी धरून ठेवल्यानंही होतं. शिवाय आईला होता म्हणता, घराण्यात असतं काही वेळा. "नक्की कशामुळे ते सांगता येत नाही. पण पाणी तुमच्या हातात आहे. दिवसाला तीन लिटर, ड्यूटीवरसुद्धा." मी वाटेत रिक्षात त्याचाच विचार करत होते. तुझ्या शिकवण्यातून आला की तुझ्या रक्तातून आला? कसंही धरलं तरी तुझ्याचकडून. लाल वॉटरबॅगेसारखाच तूच हौसेनं गळ्यात घातलेला. हे मनात आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. मग लाज वाटल्याचा राग आला. तेव्हापासून हे असं चाललंय, अम्मा. सकाळी तुझ्यावर चिडते, दुपारी तुझी कणव येते, संध्याकाळी नळाला पाणी आलं की बादल्या भरता भरता दोन्ही एकदम. तुला तरी दुसरं काय करता आलं असतं? पण कुणीतरी एकीनं तरी त्या मुकादमाला म्हणायचं होतं ना, की आम्हालाही लागते.

एक बारीक तुकडा आत कोपऱ्यात राहिलाय. त्यावर लक्ष ठेवायचं, वाढला तर पुन्हा बघू, म्हणाले. लघवीच्या वाटेत आत ठेवलेली दुसरी नळी काही आठवड्यांनी काढली, आणि मी ड्यूटीवर रुजू झाले. जड उचलायला सुरुवातीला मनाई होती, आता तीही नाही. मोठी बाटली घेऊन निघते. पहिल्या दिवशी मंगळवेढ्यापर्यंत निम्मी संपवली. मोठी मर्दुमकी केल्यासारखं वाटत होतं. स्टँडवर गर्दी होती, एक बाई हरवलेल्या पिशवीवरून भांडत होती, त्यात माझं जाणं राहिलं. गाडी सुटली आणि थोड्या वेळात मला कळलं की सांगोल्यापर्यंत निभणार नाही. रस्ता उघडा, दोन्ही बाजूंना ज्वारी काढलेली रानं, एक झुडूपसुद्धा आडोशाला नाही. मी सीटवर सरकून बसले. पाय आवळून धरले. इतकी वर्षं ज्या युक्तीनं धरलं, ती युक्ती अंगात होतीच. मागे पाठीला ते भोक भरलेलं होतं तिथं खाज सुटली. पुढे एक पेट्रोल पंप दिसला आणि मी दोरी ओढली. एक घंटी.

ड्रायव्हरनी गाडी आत घेतली आणि मान वळवली. "काय झालं, ताई?"

गाडी भरलेली होती. पुढच्या सीटवरून एक माणूस म्हणाला, "हितं कशाला थांबली ओ?" आजवर असं कधी झालं असतं तर मी काहीही सांगितलं असतं, टायर, उलटी, डेपोचा फोन. मी उभी राहिले आणि गाडीभर ऐकू जाईल असं म्हटलं, "मला लघवीला जायचंय. पाच मिनिटं थांबेल गाडी."

मी खाली उतरत होते, तोच मागून एक म्हातारी उठली. डोक्यावरून पदर, हातात काठी, सांगोल्याकडची मेंढरं राखणाऱ्यांच्यातली असावी. "थांब गं बाय," ती म्हणाली, "म्या बी येते. लई येळ झालं धरून बसलीया." तिला हात देऊन उतरवते तोवर तिच्यामागे एक तरुण बाई कडेवरचं मूल नवऱ्याच्या हातात देऊन उतरली. मग दोन शिक्षिका. मग कॉलेजच्या मुली, तोंडाला रुमाल बांधलेल्या. मग काळा बुरखा घातलेली एक बाई, तिच्याबरोबर तिची सासू. मी वळून पाहिलं तर पंपाच्या मागच्या दारापर्यंत रांग. दाराला कुलूप होतं. पंपावरचा माणूस म्हणाला, किल्ली मालकाकडं असती. म्हातारीनं काठी जमिनीवर आपटली. "मग जा की, आण. आमी थांबतो हितं." त्यानं एवढ्या बायका बघितल्या आणि निमूटपणे आत जाऊन किल्ली घेऊन आला. ती तिथंच गल्ल्यात होती.

पाच मिनिटांची बरीच जास्त झाली. आम्ही परत आलो तेव्हा तो पुढचा माणूस घड्याळ दाखवत होता. "असं कुटं असतंय व्हय? एसटी हाय का खाजगी गाडी?" मी काही म्हणायच्या आत ड्रायव्हर म्हणाले, "पाव्हणं, तुमी मगाशी मंगळवेढ्यात भिंतीकडं तोंड करून हुबं व्हता, तवा म्या हॉर्न वाजीवला का?" गाडीत हशा पिकला. बायकांचा हशा. त्या माणसानं पेपर उघडला. मी दोन घंट्या दिल्या.

त्यानं तक्रार केली. मला डेपोत बोलावलं, कारण विचारलं, मी तोंडावर सांगितलं. साहेबांनी खाली बघत पेन खालीवर केलं आणि म्हणाले, बरं, पुढच्या वेळी वेळेचं बघा. वेळापत्रकात काही बदल झाला नाही. पण त्या पंपावर गाडी आता रोज थांबते. ड्रायव्हर घंटीची वाटही बघत नाहीत. कुलूप काही दिवस असतं, काही दिवस नसतं. परवा मंगळवेढ्यातून चढतानाच एका बाईनं मला विचारलं, "ही थांबणारी गाडीच ना?"

हे सगळं तुला सांगायचं होतं आणि सांगताना तुला हरवायचंही होतं, बघ, असं करता येतं, असं म्हणायचं होतं. आता लिहून झाल्यावर ते म्हणावंसं वाटत नाही. तुमची शेड काही घंटी दिली की थांबणारी गाडी नव्हती. आणि मी घंटी वाजवू शकले ती पगारी नोकरी आहे म्हणून, अंगावर खाकी आहे म्हणून. तुला त्या दिवशी पदर पसरून उभं राहायलाच किती लागलं असेल. तरी मन शांत होत नाही. परत एकदा गच्चीवर जाऊन आले.

हा कागद मी फाडणार नाही आणि जपून ठेवणारही नाही, कुठेतरी राहील. पाठवायचा प्रश्नच नाही. आणि तू असतीस तरी काय, मला तेलुगू लिहिता येत नाही, तुला मराठी वाचता येत नव्हतं. बाहेरून आलेली चिठ्ठी तू माझ्यासमोर धरायचीस आणि मी ती तुला आपल्या भाषेत करून सांगायचे. हीसुद्धा मलाच तुझ्या शेजारी बसून सांगावी लागली असती. आणि खरं सांगू, रागाचं सगळं मी गाळलं असतं. तुला फक्त पंपावरची म्हातारी सांगितली असती.